आठ सेकंदांचा वाघ

नोव्हेंबर २०२५ च्या आरंभी चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाची म्हणून एक चित्रफीत विदर्भात घरोघरी पोहोचली. रात्रीची वेळ, विश्रामगृहाच्या दाराशी खुर्चीवर बसलेला एक मनुष्य, आणि अंधारातून येऊन त्याच्यावर झडप घालणारा वाघ. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असेच ते दृश्य होते. अशी कोणतीही घटना ब्रह्मपुरीत घडलेली नसून हे दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रचलेले आहे, असा खुलासा वनाधिकाऱ्यांना करावा लागला. त्याच सुमारास मद्यधुंद अवस्थेत वाघाला गोंजारून त्याच्यापुढे बाटली धरणारा एक इसम पेंचच्या परिसरातला म्हणून देशभर फिरत होता. तो इसमही कोठे अस्तित्वात नव्हता आणि तो वाघही नव्हता. पहिल्या चित्रफितीने लोक घाबरले, दुसरीने त्यांची करमणूक झाली. खुलासे मात्र दोन्ही वेळी मागाहून आले, आणि चित्रफीत जितक्या घरांत गेली तितक्या घरांत खुलासाही गेला असेल असे मानण्यास काही आधार नाही.

असे दृश्य तयार करणे आता किती सोपे झाले आहे, याची कल्पना अद्यापि पुष्कळांना नाही. मे २०२५ मध्ये गूगलने 'व्हिओ ३' हे प्रारूप आणले. सप्टेंबरअखेर ओपनएआयचे 'सोरा २' आले. रात्र आहे, विश्रामगृह आहे, खुर्चीवर माणूस बसला आहे, वाघ येतो, एवढे साध्या भाषेत लिहून द्यावे. यंत्र थोड्याच वेळात आठ-दहा सेकंदांचे दृश्य आवाजासह हाती ठेवते. कॅमेरा नको, नट नको, अरण्य नको. असंख्य चित्रफिती पचवून वस्तू कशी हालते, सावली कशी सरकते याचे आडाखे यंत्राने आधीच बांधलेले असतात. प्रारंभी निव्वळ ठिपक्यांचा गोंधळ घेऊन तो पायरीपायरीने निवळीत ते सांगितलेले चित्र उभे करते. वाघ कसा दिसतो एवढेच त्याला ठाऊक असते. दृश्य लांबले की चुका उघड्या पडू लागतात: पंजे बिघडतात, अंगावरचे पट्टे जागा बदलतात, भिंतीवरच्या पाटीची अक्षरे वाचता येईनाशी होतात. म्हणून फसविणाऱ्याला आठ सेकंद पुरेसे वाटतात. त्यात सीसीटीव्हीचे सोंग तर त्याच्या पथ्यावरच पडते. तेथले चित्र धूसर असणार, हे आपण आधीच गृहीत धरून बसलेलो असतो!

दृश्यभ्रम हा काही नवा अपराध नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' आणि १९१९ साली 'कालियामर्दन' पडद्यावर दाखविले, तेव्हा त्यांनीही कॅमेऱ्याच्या करामतीच केल्या होत्या, आणि त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. पण तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला आपण खेळ पाहण्यास आलो आहोत हे ठाऊक होते. उद्या एखाद्या शिक्षकाने ज्वालामुखीचा उद्रेक किंवा हडप्पाकालीन नगर याच यंत्राकडून करवून घेऊन वर्गात दाखविले आणि हे रचलेले चित्र आहे असे मुलांना सांगितले, तर त्यात गैर ते काय? ब्रह्मपुरीच्या चित्रफितीत मात्र वाघ, माणूस आणि विश्रामगृह हे सारे खोटे असताना गावाचे नाव तेवढे खरे होते, आणि त्या खऱ्या नावाच्या बळावरच ती चालली.

हे नाव कोणत्या भूमीचे आहे, याचा विचार मुंबईपुण्याच्या वाचकाने क्षणभर करावा. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांतील बहुतेक सारे विदर्भात आहेत. सिंदेवाही तालुक्यात १० मे २०२५ रोजी तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या गावांत 'वाघ आला' हे दोन शब्द ऐकून बाया रानात जायचे की नाही ते ठरवितात, गुराखी गुरे कोणत्या अंगाने न्यावीत ते ठरवितो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्या गोष्टीतला पोर निदान गावचा होता. त्याचा कान धरता येत होता. आताचा पोर कोणत्या शहरात कोणत्या खोलीत बसला आहे याचा पत्ता नसतो, आणि त्याच्या थट्टेची किंमत मोजणारी माणसे त्याने कधी पाहिलेलीही नसतात.

लोक खोट्यावर विश्वास ठेवतील, ही या संदर्भातली नेहमीची तक्रार. ती खरी आहे. परंतु तिच्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी 'एफ-२' या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची दोन्ही बाजूंनी वाट अडविली. ही गोष्ट जगाला कळली ती एका चित्रफितीमुळे. ती पाहून वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. वाघिणीला वकीलपत्र देता येत नाही. तिच्या वतीने साक्ष दिली ती त्या चित्रणाने. हाच प्रसंग आज घडला तर? 'हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम आहे' असे म्हणून हात झटकण्याची वाट प्रत्येक आरोपीला मोकळी झाली आहे. अरण्यातल्या अपराधाला साक्षीदार मुळातच थोडे. त्यांतला सर्वांत भरवशाचा साक्षीदार आठ सेकंदांच्या गमतीपायी संशयित ठरावा, ही किंमत फार मोठी आहे.

१० डिसेंबर २०२५ या दिवशी नागपुरातच याचे चमत्कारिक चित्र दिसले. हिवाळी अधिवेशन चालू होते. बिबट्यांच्या उपद्रवाकडे सरकारचे लक्ष वेधण्यासाठी जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले. त्याच दिवशी पारडी भागात खराखुरा बिबट्या वस्तीत शिरला आणि सात जणांना जखमी करून अखेर जेरबंद झाला. आमदारांचा वेश हा वेश आहे हे पोरालाही कळत होते. पारडीचा बिबट्या मात्र प्रथम मोबाईलवर पाहणाऱ्याने खरा मानायचा की खोटा? त्याआधीचे काही आठवडे पुण्या-नाशिककडे बनावट बिबट्यांची चित्रे हातोहात फिरत होती. खिडकी लावून घ्यायची की हसून पुढे पाठवायचे, हे ठरविण्यात दवडलेली पाच मिनिटेसुद्धा अशा वेळी महाग पडतात.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत दुरुस्ती करून यंत्राने रचलेल्या दृश्यावर तशी खूण असणे बंधनकारक केले, आणि शासनाचा वा न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर तीन तासांत बेकायदा मजकूर हटविण्याची सक्ती केली. हे योग्यच झाले. पण खूण कातरून टाकता येते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव गेलेली प्रत तीन तासांनी कोणी परत बोलवायची? न्यायालयांनी आपल्यापुरता बंदोबस्त पूर्वीच केला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्जाच्या वेळेवरून झाला आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रण हा मुख्य पुरावा होता. त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच असा निर्वाळा दिला. आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ मध्ये तीच अट आहे. चित्रण कोठून आले, कोणाच्या ताब्यात होते, हे न्यायालय विचारते. गावच्या चावडीवर आणि कचेरीच्या मधल्या सुट्टीत आपण हेच विचारावयाचे असते, पण विचारीत नाही.

सगळा भार सामान्य माणसावर टाकून मात्र वनखात्याला मोकळे होता येणार नाही. खोट्या चित्रफितीचा खुलासा खाते तत्परतेने करते, पण खऱ्या वाघाची खबर गावाला तितक्याच तत्परतेने मिळते काय? ताडोबालगतच्या सीतारामपेठेत कॅमेऱ्यांनी वाघ ओळखून गावकऱ्यांना सावध करणारी यंत्रणा बसविण्यात आली, आणि तीही कृत्रिम बुद्धिमत्तेवरच चालणारी. तेच तंत्र, पण तेथे त्याला खातेदार आहे: सूचना चुकली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक आहे. जेथे अशी यंत्रणा नाही तेथे वनरक्षकाने रोज सकाळी कोणत्या कक्षात वाघाचा वावर आहे ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख घालून सहीनिशी लिहावे, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्राची खातरजमा करून देण्यासाठी प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात एका माणसावर जबाबदारी टाकावी. याला मोठा खर्च नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिलअखेरीस तोंडावर येतो. फळे त्याआधी लागले पाहिजेत.