संतापावर गोळी देण्याआधी

स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध अंगावर ओरडू लागले, अंघोळ घालणाऱ्याचा हात झटकू लागले, रात्रभर येरझाऱ्या घालू लागले की घरचे डॉक्टरांकडे एकच मागणी घेऊन जातात: शांत राहतील असं काहीतरी द्या. मग चिठ्ठीवर रिस्पेरिडोन, क्वेटियापिन किंवा ओलॅन्झापिन येते. ही औषधे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठीची. तिथे त्यांनी असंख्य माणसांना उभे केले आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रागालाच आजार समजण्याबद्दल. चिडचिडीचे कारण शोधल्याशिवाय ही गोळी सुरू होऊ नये, आणि झालीच तर तिचा फेरविचार कधी करायचा हे त्याच दिवशी ठरावे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांवरील १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले. औषध नसलेली, नावापुरती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.६ टक्के होते. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले. ब्रिटनमध्ये २००९ साली प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी सरकारला दिलेल्या अहवालाचा अंदाज आणखी अस्वस्थ करणारा आहे: वर्षाला स्मृतिभ्रंशाचे १,८०,००० रुग्ण ही औषधे घेत होते, त्यातल्या फार तर ३६,००० जणांना काही फायदा होत होता, आणि १,८०० जादा मृत्यू होत होते.

औषध रागावर चालतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीवर रिस्पेरिडोन प्रभावी ठरल्याचे २००२ च्या अमेरिकन चाचणीत दिसले, जरी आठ आठवड्यांत त्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोंनी वाढले तरी. पण राग सगळीकडे सारखा नसतो. नॉर्वेतल्या १८ वृद्धनिवासांत स्मृतिभ्रंशाच्या ३५२ रुग्णांवर झालेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे निम्म्या रुग्णांच्या वेदनेवर पद्धतशीर उपचार केले गेले. बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल दिले. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. म्हणजे त्या आरडाओरडीतला काही भाग निव्वळ दुखण्याचा होता. गुडघा ठणकतो हे ज्याला सांगता येत नाही, तो ओरडतो. पोट साफ न होणे, लघवीतला जंतुसंसर्ग, ऐकू न येणे, पिकलेला मोतीबिंदू, ही सगळी कारणे अशीच रागाच्या रूपाने बाहेर पडतात. सून ओळखू येत नसेल, तर कोणी परकी बाई आपले कपडे उतरवते आहे एवढेच त्या आजींना कळते. त्यांनी हात उगारणे ही विकृती कशी म्हणायची?

यावर खरा आक्षेप घरातून येतो. सल्ला देणारा निघून जातो, रात्र जागते ती सून किंवा मुलगी. दिवसा तिला नोकरी असते आणि मदतनीस बाई परवडत नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. तिची दमणूक हाही उपचाराचाच विषय आहे. पण गोळीने तिचा भार हलका होईलच असे नाही. या औषधांनी गुंगी येते, अंग ताठरते, तोल जातो. म्हातारा माणूस पडून खुब्याचे हाड मोडले की तिचेच काम दुप्पट होते. चहात गोळी विरघळवून देण्याची आपल्याकडची सवय तर आणखी घातक, कारण मग दुष्परिणाम झाला तरी रुग्ण त्याचा संबंध औषधाशी जोडू शकत नाही.

कधी गोळी लागतेही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, भास आणि भीतीने जीव कासावीस झाला असेल, तर ती नाकारणे क्रूरपणा ठरेल. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात: अशाच स्थितीत द्या, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी काळ, आणि निदान दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. आपल्याकडे अडते ते या शेवटच्या पायरीवर. जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून महिनोन्महिने येत राहते. ज्यांच्या घरी ते चालू आहे, त्यांनी मनाने एकदम बंद करू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे की हे कशासाठी सुरू केले होते, ते कारण अजून आहे का, आणि मात्रा कधीपासून कमी करायची.