बीअरची चव आणि बाटलीतला हिशेब

आपल्याकडे बीअर घेताना गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. थंड आहे का? आणि स्ट्राँग आहे का? चव कशी आहे, हे कुणी विचारल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात मात्र गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बीअरकडे बघायची एक वेगळीच तऱ्हा रुजली आहे. २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. बीअर तिथेच, छोट्या प्रमाणावर बनवायची आणि तिथेच ताजी विकायची. मग असे कारखाने वाढत गेले. याला 'क्राफ्ट बीअर' म्हणतात, म्हणजे हातोटीने, थोडी-थोडी बनवलेली. आता तिथली मुलंमुली चार छोटे ग्लास समोर ठेवून वास घेतात, रंग उजेडात धरून बघतात, कागदावर गुण देतात.

मैत्रिणींनो, 'आपला काय संबंध?' असं म्हणून पान उलटू नका. मी स्वतः पीत नाही. पण महिला मंडळाच्या कामात दारूचा विषय आठवड्यातून एकदा तरी दारात येतोच, आणि अलीकडे येताना तो 'बीअरच तर आहे' असं म्हणत येतो. म्हणून म्हटलं, ही काय चीज आहे ते नीट समजून घ्यावं.

समजून घ्यायला गेलं तर अर्धी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातलीच निघाली. नाचणीचं सत्त्व करताना आपण काय करतो? नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, मंद भाजतो, मग दळतो. बीअरसाठी सातूचं, म्हणजे बार्लीचं, अगदी हेच करतात. मोड आणून वाळवलेल्या त्या धान्याला 'माल्ट' म्हणतात. ते भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवलं की दाण्यातला पिठूळपणा जाऊन गोडवा उतरतो. मोड आलेलं धान्य चावून बघा, गोडसर लागतं ना? तोच हा गोडवा. मग ते पाणी गाळून उकळतात आणि त्यात 'हॉप्स' नावाच्या वेलीची कडवट फुलं घालतात. आपल्या देशात ही वेल हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडीफार होते, बाकी माल बहुतेक बाहेरून येतो. शेवटी गार करून यीस्ट, म्हणजे आंबवणारं किण्व, सोडतात. इडलीचं पीठ फुगतं तसं हे पाणीही फसफसतं, फक्त इथे साखरेचा अल्कोहोल होतो.

आणि हे काम जगभर बायकांच्याच हातचं होतं, हे वाचून मला गंमत वाटली. चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेर देशात बीअरची देवता होती, तिचं नाव निनकासी. इंग्लंडात कित्येक शतकं घरोघरी एल बनवून विकणाऱ्या बायका होत्या. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीने हॉप्समुळे पेय टिकतं, असं लिहून ठेवलंय. धंदा मोठा झाला, पैसा आला, तसा तो पुरुषांच्या हाती गेला. हे काही बीअरच्याच बाबतीत झालं असं नाही!

आता प्रकार. मुख्य घराणी दोन, लागर आणि एल. लागर थंड जागी, सावकाश आंबवतात. रंगाने पिवळीधमक, चवीला स्वच्छ. दुकानातल्या बहुतेक बाटल्या याच घराण्यातल्या. एल थोड्या उबेला आंबवतात, त्यामुळे तिच्यात फळांसारखे वास उतरतात. जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर असते, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं घातलेलं नसतं हं, लवंगही नाही. ती सगळी त्या किण्वाची करामत. स्टाउट काळी कुळकुळीत, कारण धान्य करपण्याच्या बेताला येईपर्यंत भाजलेलं. तिला कॉफीची, कडू चॉकलेटची चव. आणि एक 'इंडिया पेल एल', नावातच आपला देश. ब्रिटिशांच्या काळात इकडच्या साहेब लोकांसाठी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने जहाजातून बीअर यायची. ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर घालत. तो कडवटपणा पुढे लोकांना आवडू लागला आणि त्याचाच एक प्रकार झाला.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाहीये. गेल्या वर्षी पुण्यात बहिणीकडे गेले होते. भाची म्हणाली, "मावशी, पिऊ नकोस, पण नुसता वास तर घे." घेतला. चार ग्लास, चार वेगळे वास. एकात खरोखर केळं होतं, एकात भाजलेल्या कॉफीचा दरवळ, एक ओल्या गवतासारखा. चौथा मला भाकरीच्या पिठाच्या डब्यासारखा वाटला. भाची म्हणाली, "बरोबर, तेच लिहायचं असतं." लोणच्याची बरणी नुसती उघडून 'याला भुरी येणार' म्हणून सांगणाऱ्या आपल्या सासवा-आज्यांना या कामाला बसवलं असतं, तर त्यांनी परीक्षकांच्या नाकी दम आणला असता!

परीक्षा करण्याचीही शिस्त आहे. अमेरिकेत १९८५ पासून बीअरच्या परीक्षकांना तयार करणारी एक संस्था आहे, 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते, म्हणजे पातळ, दाट, फसफसती, त्याला ५, आणि एकंदर ठशाला १०. हलक्या चवीकडून कडक चवीकडे जायचं. मध्ये पाणी आणि साधा पाव. बर्फासारखी गार ठेवायची नाही, कारण गारठ्याने जीभ बधिर होते आणि दोष लपतात. दोषही ठरलेले. लोण्याचा वास आला, उकडलेल्या मक्याचा आला, भिजल्या पुठ्ठ्याचा आला की कुठे चुकलं ते जाणकार ओळखतो. उन्हात राहिलेली बीअर तर घाण मारते. म्हणून बाटली तपकिरी काचेची असते.

त्या ५० गुणांत नशेला, 'किती चढते' याला, वेगळा रकाना नाही. कडक प्रकारात अल्कोहोलची ऊब जाणवावी का, एवढाच काय तो विचार. आपला बाजार बरोबर याच्या उलट चालतो. आपल्या देशात खपणाऱ्या बीअरमध्ये फार मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. ती गारेगार प्यायची, म्हणजे चव कळायला नको, आणि भरभर प्यायची, म्हणजे पैसे वसूल. गुणपत्रिकेत जे अजिबात मोजत नाहीत, तेवढंच आपलं गिऱ्हाईक मोजतं.

तर आपणही ते मोजू, पण नीट. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बीअर साधी आणि ५ च्या वर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. ८ टक्क्यांच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल झाला ५२ मिलिलिटर. व्हिस्की असते ४२.८ टक्क्यांची, तिच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये अल्कोहोल जेमतेम १३. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बाटली बरोबर चार छोटे पेग! १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ७७, म्हणजे दोन तृतीयांश क्वार्टर त्या बाटलीत आहेच. लेबलवर बऱ्याचदा '८ टक्क्यांपर्यंत' असं मोघम छापलेलं असतं, तेव्हा आकडा थोडा कमीही असेल. पण 'बीअरच तर आहे' या वाक्यात किती पाणी आहे ते कळायला एवढं पुरे.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा हिशेब फळ्यावर मांडला. एक बाई बराच वेळ आकड्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आमचे म्हणतात, दारू सोडली, आता फक्त दोन बीअर घेतो." दोन बाटल्या म्हणजे आठ पेग. बैठकीत कुणी काही बोललं नाही. त्या बाई गेलं वर्षभर नवऱ्याने दारू सोडली म्हणून देवीला नारळ वाहत होत्या.

क्राफ्ट म्हणजे सौम्य, असंही समजू नका. त्यात साडेचार टक्क्यांची असते तशी नऊ-दहा टक्क्यांचीही असते. 'मोड आलेलं धान्य, मग पौष्टिकच' असं सांगणारे महाभाग मला भेटले आहेत. अल्कोहोल कर्करोगाला कारण होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं, आणि त्यात स्तनाचा कर्करोगही येतो. सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. सातूच्या दाण्याने त्यात काही फरक पडत नाही.

आपल्या सरकारचं धोरण मात्र 'सौम्य' या शब्दावर भारी मेहेरबान आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली. वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षबागायतदारांचं भलं होईल, असं सांगितलं गेलं. विरोध एवढा झाला की निर्णय अंमलात आलाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीअरवरच्या उत्पादन शुल्काचा विचार करायला अभ्यासगट नेमला. कर वाढल्याने खप घटला, खप घटल्याने महसूल घटतो, ही त्यामागची काळजी. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क चांगलंच वाढवलं, तेव्हाही बीअर आणि वाइन यांना वगळलं. महागलेल्या क्वार्टरवरून माणूस बीअरकडे वळला तर नुकसान कमी, असं म्हणणारे लोक आहेत, आणि साध्या, ५ टक्क्यांच्या आतल्या बीअरपुरतं त्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण वळणारा माणूस आमच्या गावात तरी साधी मागत नाही.

शहरातल्या त्या चवीच्या शिकवणीला मी नावं ठेवणार नाही. सावकाश, थोडं, कळून-सवरून पिणारा माणूस त्यातून घडत असेल तर घडो. पण तो चार ग्लासांचा ट्रे आणि ती गुणपत्रिका तालुक्याच्या गावात येत नाही. आपल्याकडे येते ती बीअर शॉपी, अपार्टमेंटच्या तळमजल्यावर, दवाखाना आणि शिकवणीच्या वर्गाच्या मधल्या गाळ्यात. तिथे बसून प्यायला कायद्याने बंदी असते, म्हणून गिऱ्हाईक बाटली घेऊन बाहेर गाडीवर बसतं आणि मुली शिकवणीला जाताना रस्ता बदलतात.

याबाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवी बीअर शॉपी किंवा मद्याचं दुकान सुरू करायचं असेल तर त्या सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे प्रश्न सोसायटीच्या सभेत येणार, आणि तिथे मत असतं ते सभासदाला. आमच्या भागातल्या दोन सोसायट्यांच्या याद्या आम्ही पाहिल्या. बहुतेक फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, आपलं नाव आहे का, हे आज संध्याकाळी कपाटातली फाइल काढून बघा. नसेल तर सहसभासद होण्याचा अर्ज सचिवांकडे मिळतो.