मोरपंखी नेमका कोणता?

आमच्या आत्याचा शेवटचा चांगला फोटो मोरपंखी चंदेरी साडीतला आहे. ती गेल्यावर तो सगळ्या भावंडांना पाठवला. बेळगावच्या वहिनी म्हणाल्या, साडी राखाडी दिसते. पुण्याच्या भाच्याला ती गडद निळी वाटली. एका स्टुडिओने फोटो मोठा करून दिला, त्यात तर ती चक्क पोपटी! साडी मात्र इथे, ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या घरी, कपाटात आहे. खिडकीशी धरली की वाद मिटतो. पण जुने रेशीम घडीवर विरते, रंगही उडतो. पुढे पुरावा उरणार तो फोटोचाच. म्हणून हा खटाटोप.

मुळात फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन. पूर्वी गावागावाचा शेर वेगळा असे, तसेच या आकड्यांचे. माप कुठले, ते सांगावे लागते. ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे कलर प्रोफाइल. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेले एसआरजीबी हे लहान माप. १९९८ चे अ‍ॅडोबी आरजीबी मोठे. आणि ते मोठे आहे मुख्यतः हिरव्या-निळ्याच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमके मोरपंखीच्या गल्लीत! (किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या निळ्या-हिरव्या फरश्या टिपणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.) वाटेत ही चिठ्ठी गळाली, की मोठ्या मापाचे आकडे लहान मापाने वाचले जातात आणि रंग फिका, मळकट दिसतो. वहिनींच्या राखाडी साडीचे मूळ हेच. भाच्याचा मोबाइल मात्र भडक रंगांवर ठेवलेला निघाला. त्याला प्रोफाइल तरी काय करणार?

मॉनिटर कॅलिब्रेट करताना पडद्यावर छोटे यंत्र टेकवतात. मी आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवतो. ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १२० कँडेलाच्या आसपास. यंत्र मोजमाप घेऊन मॉनिटरचे प्रोफाइल बनवते. ते त्या मॉनिटरपुरतेच. कित्येक जण तेच फोटोला जोडून पाठवतात. मालाबरोबर आपल्या घरचा तराजूही पाठवावा, तसा प्रकार.

फोटोशॉपमध्ये दोन आज्ञा शेजारी-शेजारी आहेत, आणि घोळ तिथेच होतो. ‘असाइन’ केले की आकडे तेच राहतात, माप बदलते, म्हणून रंग पालटतो. ‘कन्व्हर्ट’ केले की आकडे बदलतात आणि रंग होता होईल तो तसाच राहतो. नातेवाइकांना पाठवायची प्रत एसआरजीबीत कन्व्हर्ट करावी, प्रोफाइल जोडूनच. मूळ प्रत अ‍ॅडोबी आरजीबीत, १६ बिटमध्ये, आपल्यापाशी ठेवावी.

छपाईला देताना त्यांच्या यंत्राचे आणि कागदाचे प्रोफाइल मागावे. ते मिळाले तर छापील रंगाचा अंदाज पडद्यावरच घेता येतो. ‘तसले काही नसते’ असे उत्तर आले, तर एसआरजीबी द्यावे, आधी पोस्टकार्डाएवढी प्रत काढून घ्यावी आणि दिवसाउजेडी साडीच्या पदराशेजारी धरून पाहावी. पिवळ्या बल्बखाली नको.