सर्व्हर बसवण्याची विद्या 'सरां'च्या डोक्यातच का राहावी?

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केलेली आपली मुले गावोगाव भेटतात. काय शिकलात असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते, "ओएस टाकायला शिकलो." पेनड्राइव्ह लावायचा, बायोसमध्ये बूटचा क्रम बदलायचा, भाषा निवडायची, पार्टिशन पाडायचे, मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. या कामाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः पाच वर्षे याच कामावर पोट भरले आहे. परंतु ज्या डेटा सेंटरच्या नोकरीचे स्वप्न दाखवून या मुलांकडून फी घेतली जाते, तिथे सर्व्हरवर अशा रीतीने ओएस टाकणे केव्हाच मागे पडले आहे, हे त्यांना कोण सांगणार?

माझाच अनुभव सांगतो. एका कंपनीत मी कंत्राटी तंत्रज्ञ होतो. एकदा चाळीस नवे सर्व्हर आले आणि मुदत मिळाली शनिवार रात्र ते सोमवार सकाळ. आम्ही तिघे, डीव्हीडी तीन, मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली मात्र एकच. एका सर्व्हरवर प्रश्नांची उत्तरे द्यायची, कॉपी सुरू झाली की ट्रॉली पुढच्या रॅककडे ढकलायची. सोमवारी सगळे सर्व्हर चालू होते, पण एकाची रचना दुसऱ्याशी जुळत नव्हती. कुठे टाइमझोन चुकलेला, कुठे लॉगसाठी वेगळे पार्टिशन पाडायचे राहिलेले, तीन ठिकाणी तर रूटचा पासवर्डच निराळा. ठपका अर्थातच आमच्यावर आला. पार्टिशन किती ठेवायचे, कोणती पॅकेजेस घ्यायची हे सगळे आमच्या वरिष्ठ 'सरां'ना तोंडपाठ होते. ते कधी लिहून देत नसत. "अडलं की फोन करा" एवढेच म्हणत. त्यांचे महत्त्व त्या न लिहिण्यातच होते, हे मला फार उशिरा कळले.

आणखी उशिरा कळलेली गोष्ट अशी. आम्ही बसवत होतो ती रेड हॅट घराण्यातली लिनक्स होती. तिचा इन्स्टॉलर काम संपल्यावर आपण दिलेली उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती रूटच्या फोल्डरमध्ये असते, नाव 'अ‍ॅनाकोंडा-केएस'. म्हणजे त्या चाळीसही सर्व्हरवर ती फाइल पडलेली होती. आम्ही तिघांपैकी एकानेही ती उघडून पाहिली नाही, कारण ती असते हेच आम्हाला कुणी सांगितले नव्हते. तीच फाइल दुरुस्त करून इन्स्टॉलरच्या हाती दिली असती, तर उरलेले एकोणचाळीस सर्व्हर एकही प्रश्न न विचारता बसले असते. या पद्धतीला किकस्टार्ट म्हणतात.

आणि डीव्हीडीचीही गरज नाही. नेटवर्क कार्डातच 'पीएक्सई' नावाची सोय असते. इंटेलने तिचे २.१ हे विवरण १९९९ साली प्रसिद्ध केले. सर्व्हर सुरू झाला की कार्ड नेटवर्कवर हाक मारते, "मला पत्ता द्या." डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि बूटची फाइल कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या नावाने आहे तेही सांगतो. टीएफटीपीने ती छोटी फाइल येते, तिच्यामागून कर्नल आणि इन्स्टॉलर येतात. इन्स्टॉलर वेबसर्व्हरवरून उत्तरांची फाइल वाचतो आणि कामाला लागतो. डेबियनमध्ये या फाइलला प्रीसीड म्हणतात, सुसेमध्ये ऑटोयास्ट. उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल आहे. सोलारिसवर सनचे जम्पस्टार्ट तर नव्वदच्या दशकातच होते. पाव शतकाहून जुनी ही विद्या, आणि आपल्या तालुक्याच्या कोर्समध्ये अजून पेनड्राइव्ह!

माझ्या दृष्टीने वाचणारा वेळ ही दुय्यम गोष्ट आहे. पार्टिशन, पॅकेजेस, टाइमझोन, फायरवॉल हे सगळे लिखित स्वरूपात येते, ही खरी गोष्ट. सरांच्या डोक्यातले कागदावर येते. नवा मुलगा ते वाचू शकतो, "हे असे का?" असे विचारू शकतो, चूक दाखवू शकतो. फाइल गिटमध्ये ठेवली तर कोणती ओळ कोणी, कधी बदलली हेही दिसते. मग ठपका कंत्राटी पोरावर ढकलता येत नाही. विद्या तोंडी ठेवून मूठभरांच्या हाती राखण्याचे परिणाम आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर आपलेच कार्यकर्ते आक्षेप घेतात की अशाने पोरांच्या नोकऱ्या जातील. आक्षेप खोटा नाही. तिघांच्या दोन रात्रींचे काम एकजण बसल्या जागी करील आणि पहिली गदा कंत्राटी माणसावरच येईल. पण मालक ही पद्धत आणणारच आहे, आपण शिकलो नाही म्हणून तो थांबणार नाही. मग फाइल लिहिणारा कोण असेल आणि फक्त रॅकमध्ये पेट्या चढवणारा कोण असेल, एवढाच प्रश्न उरतो. कामाच्या वेळेत शिकण्याचा तास, ही मागणी कंत्राटी कामगारांच्या मागणीपत्रात का नसते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हाताने केलेली चूक एका सर्व्हरपुरती राहते, फाइलमधली चूक चाळीस ठिकाणी उमटते. किकस्टार्टमध्ये 'क्लिअरपार्ट --ऑल' अशी ओळ असते, ती सगळी जुनी पार्टिशन पुसते. एखादा चालता सर्व्हर रीबूट झाला, त्याचा बूटक्रम नेटवर्क आधी असा असला आणि मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय इन्स्टॉलचा असला, तर त्यावरचा सगळा डेटा कुणालाही न विचारता जाईल. म्हणून आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी स्वतःच्या डिस्कवरून बूट करण्याचा ठेवायचा आणि ठरावीक मॅक पत्त्यांनाच इन्स्टॉल द्यायचे. टीएफटीपी कुणाची ओळख विचारत नाही, तेव्हा हे सगळे वेगळ्या व्हीलॅनमध्ये करायचे. ऑफिसच्या चालू नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर कधीही सुरू करायचा नाही. उत्तरांच्या फाइलमधला पासवर्ड हॅश केलेला असला तरी फाइल नेटवर्कवर उघडीच फिरते, हेही ध्यानात ठेवावे. पण धोका आहे म्हणून ज्ञानच नको, हा तर्क मला पटत नाही. धोका ओळखणाऱ्या माणसाची तिथे गरज आहे, आणि तो माणूस आपल्यातला का नसावा?

शिकायला पैसे लागत नाहीत. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन यंत्रे तयार करा आणि दोन्ही 'इंटर्नल नेटवर्क'वर जोडा, म्हणजे घरच्या वायफायला धक्का लागणार नाही. पहिल्यावर अल्मालिनक्स हाताने बसवा, शेवटचे हाताने. त्याच्या रूटच्या फोल्डरमधली ती फाइल उघडा आणि ओळ न ओळ वाचा. मग त्याच यंत्रावर डीएनएसमास्क टाका, डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही तो एकटा सांभाळतो. आयएसओतला सगळा मजकूर वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या यंत्राला तीन जीबी रॅम द्या, कमी दिली तर इन्स्टॉलर मध्येच मान टाकतो. त्याचा बूटक्रम नेटवर्कवर ठेवून ते सुरू करा. पहिल्या खेपेला बहुधा पत्ता मिळेल पण फाइल येणार नाही. तेव्हा फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६९ क्रमांकाचे पोर्ट उघडले आहे का, ते आधी पाहा.