काडतुसाच्या बुडावरील अक्षरे

पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला. तेथील .३०३ रायफलीच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे आणि निर्मितिवर्षाचे अंक आढळतात. पाच काडतुसांची एक क्लिप, अशा दहा क्लिपा एका कापडी पट्ट्यात, अशी त्यांची बांधणी असे. मालाची ओळख वेष्टनावरील छापावरून पटते, हे व्यापाऱ्यास ठाऊकच असते. म्हणून संग्राहक मूळ खोके व लेबलही मोलाचे मानतात. मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतूस बाळगणे गुन्हा आहे. व्याख्येत काडतुसाचे भागही येतात. आजोबांच्या ट्रंकेत वा चाकण-भोसरीच्या भंगारमालात असे काही निघाल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. रिकामे खोके व लेबल मात्र अवश्य जपावे.