गाडीवरचा तंबू ही चैन नाही, पण बनवायचा तर आपल्या हिशोबानं बनवा



मागच्या आठवड्यात पिकअपच्या सांगाड्याचा फोटो टाकला होता. त्याच्याखाली बऱ्याच जणांनी विचारलं की काका, म्हातारपणी सहलीचं खूळ कुठनं लागलं? काहींनी हसण्यावारी नेलं. एकानं मात्र माप विचारलं, हा लेख त्याच्यासाठी आहे. हसणाऱ्यांनी पण वाचला तर बरं.

पहिल्यांदा हे लागतं कशाला ते सांगतो. आपल्या जुन्नर भागात थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असती, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला माणूस रानात जाणारच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, दिवसा लाईट मिळावी म्हणून. जिथं ती पोचली तिथली माणसं रात्री घरी झोपतात. आमच्या फिडरवर अजून रात्रीची पाळी आहे. एक वाफा भरायला पाऊण तास लागतो, तेवढ्या वेळात माणूस बांधावर पोतं टाकून आडवा होतो. आणि खरा धोका तिथंच आहे.

सगळे बिबट्याचं नाव घेतात. बिबट्या आहेच. उसातच पिल्लं देतो, उसातच वाढतो, माणिकडोहचं निवारा केंद्र काय उगाच नाही उभं केलेलं. पण मी मण्यारीला जास्त भितो. मण्यार रात्रीची फिरती. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरती, आणि चावली तरी कित्येकदा कळत पण नाही. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोपर्यंत वेळ गेलेली असती. नाग, घोणस, फुरसं चावल्यावर माणूस ओरडतो तरी. (असं काही झालं तर भगत, मांत्रिक काही नको, सरळ दवाखाना. लस या चारही सापांवर चालती.) म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रानात रात्र काढणाऱ्या माणसाचं अंथरूण जमिनीपासून वर पाहिजे. मग तो मालक असो, वाटेकरी असो नाहीतर गडी.

लोक म्हणतात मग माळा बांधा की. बाबांनो, माळा एका जागी राहतो. माझं रान वाटण्या होऊन तीन ठिकाणी आहे, दोन तुकड्यांच्या मधे ओढा. तीन माळे बांधून तिन्हीकडं अंथरूण ठेवायचं का? माळा चाकावर पाहिजे. आणि पावसाळ्यात काळ्या रानातनं, ओढ्यातनं जाणारी गाडी म्हणजे फोर बाय फोरच पाहिजे. तसली गाडी दारात उभी आहेच. डबल केबिनची पिकअप, कंपनीनं नावसुद्धा ‘कॅम्पर’ ठेवलंय. झोपायची सोय आपल्यालाच करायची, कारण मागचा हौदा भरतो पावणेपाच फूट. पावणेपाच फुटात शाळेतलं पोरगं झोपंल, मी नाही.

हे काही नवीन पण नाही. इंग्लंडात लँड रोव्हरला वर उचलणारं छप्पर बसवायचे, ‘डॉर्मोबाईल’ म्हणून. फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचं काम ते. छप्पर एका बाजूच्या बिजागरीवर उचलायचं, मधे पट्ट्यापट्ट्याचं कापड. जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनला वेस्टफालिया कंपनी असंच छप्पर बसवायची. पण त्या गाड्यांचं वरचं पत्र कापून ते बसवलेलं असायचं. आपण कापायचं नाही. एक तर वरचं पत्र कापलं की केबिनची ताकद जाती, गाडी कलंडली तर आतल्या माणसाला आधार राहत नाही. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून नट-बोल्टवर बसणारा, हंगाम संपला की चौघांनी उचलून गोठ्यात ठेवायचा, असा सुटा सांगाडा करायचा. खत आणायला हौदा लागतोच की.

आता मुख्य मुद्दा, जो यूट्यूबवरची पोरं सांगत नाहीत. पिकअपची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. दोन्ही चासीवर बसलेत, पण बांध ओलांडताना एक चाक वर, एक चाक खाली झालं की चासी पिळती आणि केबिन एकीकडं, हौदा दुसरीकडं झुकतो. मधल्या फटीत हात धरून बघा (गाडी उभी असताना हो!). मोकळ्या रानात दोन बोटं फट असती ती बांधावर चढल्यावर एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त दिसती. आमच्या पलीकडच्या गावात एकानं केबिनवर आणि हौद्यावर मिळून एकच चौकट पक्की करून घेतली. दिसायला झकास होती. एका पावसाळ्यात वेल्डिंग चारी कोपऱ्यांत उकललं आणि केबिनच्या पन्हाळीला चीर गेली. वेल्डिंगवाल्याचा हात चांगला होता. चौकटच चुकीच्या जागी टेकलेली.

म्हणून माझ्या सांगाड्याचे चारही पाय हौद्यात आहेत. वरची फळी सात फूट लांब, साडेचार फूट रुंद. त्यातली पावणेपाच फूट हौद्यावर, सव्वादोन फूट केबिनच्या वर नुसती तरंगती, मधे चार इंच मोकळी. केबिनला कुठंच टेकत नाही. तरंगणारा भाग भार घेईल का, असं माझ्या पुतण्यानं विचारलं. त्याचं उत्तर झोपण्याच्या दिशेत आहे. पाय पुढं, डोकं मागं. माणसाचं वजन कंबर-छातीत असतं, ते पायांच्या मधे येतं. केबिनवर जातात नुसत्या पोटऱ्या.

छपराची बिजागरी पण पुढंच ठेवली. मागनं उचलायचं, मागं चार फूट उंच, पुढं शून्य, उताराच्या पडवीसारखं. याला तीन कारणं. डोकं मागं आहे, तर बसायला उंची तिथंच पाहिजे. दुसरं, रस्त्यानं जाताना चुकून कडी सुटली तर समोरचं वारं छपराला दाबून धरतं. बिजागरी मागं असती तर वाऱ्यानं छप्पर उपटून मागच्या गाडीवर टाकलं असतं. तिसरं, पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं. गाडीचं तोंड पश्चिमेला करून उभी केली की पाणी उतारावरनं वाहून जातं आणि मागची खिडकी उघडी ठेवता येती. बिजागरीच्या फटीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावायची, नाहीतर सगळं पाणी पायथ्याशी अंथरुणात.

वजनाचा हिशोब लिहून देतो, कारण इथंच लोक फसतात. छपराला एक इंची सोळा गेजचा चौकोनी पाईप साधारण सदतीस फूट लागतो, तो साडेतेरा किलो. वर अर्धा मिलीमीटरचा पत्रा, साडेअकरा किलो. म्हणजे छप्पर पंचवीस किलो. खाली दीड इंची पाईपची चौकट आणि पाय मिळून तीस-बत्तीस, बारा मिलीमीटरचं प्लायवूड बावीस, कापड आणि गादी दहा. एकूण नव्वद किलोच्या आसपास, म्हणजे कांद्याच्या दोन गोण्या. गाडीला ओझं काहीच नाही. पण या दोन गोण्या सहा-साडेसहा फुटांवर आहेत हे विसरायचं नाही. गवताची गाडी भरताना वरचा थर किती झुलवतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. अठरा मिलीमीटरचं प्लाय घातलं, वर जाड पत्रा, वर सोलरची मोठी बॅटरी, पाण्याची टाकी, असं करत गेलात तर आडव्या उतारावर गाडी कलंडंल. पाणी, बॅटरी, पाने, पहार सगळं खाली हौद्याच्या तळाला. वर फक्त अंथरूण.

छप्पर उचलायला हायड्रोलिक दिवाणाला लावतात तसले गॅसचे दांडे दोन लावलेत. त्यावर न्यूटनमधे आकडा असतो, शंभर न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचा जोर. मी चारशेचे घेतले. बिजागरीच्या जवळ लावले तर जास्त जोर लागतो, लांब लावले तर कमी, पण मग दांडा लांब लागतो. मी अडीच फुटांवर धरले. सुरवातीचा एक हात आपण द्यायचा, मग ते आपोआप उचलतं. थंडीत गॅसचा जोर कमी होतो, जुना झाला की अजून कमी, म्हणून एक लोखंडी टेकू पाहिजेच. पंचवीस किलोचं छप्पर झोपेत डोक्यावर येणं परवडणारं नाही.

कापडाबद्दल माझं मत पक्कं आहे. ताडपत्री नको. प्लॅस्टिकची ताडपत्री बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसं आतलं बाहेर पण जाऊ देत नाही. दोन माणसांच्या श्वासातनंच रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते ताडपत्रीला आतनं धरतं आणि पहाटे तोंडावर टिपकतं. सुती कॅनव्हास घ्या, जाड. शिवून झाल्यावर एकदा चांगला भिजवून ताणून वाळवा. सूत फुगतं आणि सुईची भोकं बुजतात. पाऊस चालू असताना आतनं बोट लावू नका, जिथं लावाल तिथनं झिरपायला लागतं. ओला घडी केला तर चार दिवसांत बुरशी, त्यामुळं सकाळी ऊन आलं की छप्पर उघडंच ठेवायचं, दूध घालून येईपर्यंत वाळतो.

आता बिबट्याचं. स्पष्ट सांगतो, कापडाचा तंबू म्हणजे पिंजरा नाही. बिबट्या झाडावर चढतो, त्याला पिकअप काय अवघड? उंचीवर झोपलो म्हणून सुटलो असं कुणी समजू नये. परदेशातल्या तंबूला बाहेरनं शिडी असती, तिथंच मला ते पटत नाही. रात्री मोटर बंद पडली, माणूस झोपेत शिडीवरनं अंधारात उतरला, पाय कुठं पडतोय माहीत नाही. म्हणून मी फळीला दोन फुटी झडप ठेवली. झडपेतनं खाली हौद्यात उतरायचं. हौद्याला तिन्ही बाजूंनी वेल्ड मेश, केबिनच्या बाजूला केबिन आहेच, मागं जाळीचं दार, आतनं कडी. हौद्यात उभं राहून बॅटरी चारी बाजूंना फिरवायची, गाडीखाली पण, दोन हाका मारायच्या, मग दार उघडायचं. बूट वरच ठेवायचे आणि झटकून घालायचे. या जाळीनं वीसेक किलो वाढलं, पण ते खाली वाढलं. तेवढं चालतं.

आणि एक. छप्पर उघडायच्या आधी वर बघा. रानातल्या रस्त्यांवर लाईटच्या तारा किती लोंबतात ते माहितीये सगळ्यांना. छप्पर उघडल्यावर मागचं टोक अकरा फुटांच्या घरात जातं, आणि ते लोखंडी आहे. तारेखाली गाडी उभीच करायची नाही. ढगात गडगडाट असला तर छप्पर बंद आणि माणूस केबिनमधे. वर माणूस असताना गाडी एक वीतसुद्धा हलवायची नाही, हे गड्याला आणि पोरांना दोघांना बजावून ठेवलंय.

याचा दुसरा उपयोग बाजाराचा. नारायणगावला टोमॅटो, ओतूरला कांदा, रात्री जाऊन नंबर लावायचा तर माणूस गाडीत वाकडातिकडा होऊन झोपतो आणि सकाळी मान धरती. पण माल भरायचा तर सांगाडा उतरवावा लागतो, त्यामुळं हे फक्त दुसऱ्याच्या टेम्पोत माल असला तरच. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर म्हणाल काकानं अर्धंच सांगितलं.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणती एवढा खर्च करून रात्री रानातच झोपायची सोय केली, घरी झोपायची कधी करणार? त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, ते लाईटवाल्यांकडं आहे. दिवसा आठ तास थ्री फेज कायमची द्या, मी उद्या सांगाडा उतरवून त्यावर कोंबड्यांचं खुराडं करतो.

तोपर्यंत, ज्याला माप पाहिजे त्यानं खाली लिहा, वहीतल्या चित्राचा फोटो टाकतो. गाडी वेगळी असली तर हौद्याची लांबी, रुंदी आणि केबिनची उंची टेप लावून मोजून कळवा, अंदाजे नको. माझ्या सांगाड्याला रेड ऑक्साईड झालाय, रंग राहिलाय. कॅनव्हास शिवायला टाकलाय, बुधवारी मिळंल म्हणलाय.