घर विकण्यापूर्वी सहीचा हात थोडा थांबवा



ज्यांच्या घराण्यात जमीनजुमल्याची खरेदी-विक्री पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांना घर कसे विकावे हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्या घरी कागदांची पेटी असते, वडिलांच्या ओळखीचा वकील असतो. आपणांपैकी बहुतेकांची स्थिती निराळी आहे. आपल्या आजोबांच्या नावावर विकण्याजोगे काही नव्हते. आज जे घर आपण विकावयास निघालो आहो, ते बहुधा वडिलांनी नोकरीत राबून, फंडाचे पैसे घालून उभे केलेले पहिलेच घर आहे. पहिले घर पहिल्यांदा विकताना चूक झाली, तर ती निस्तरावयास दुसरे घर हाताशी नसते. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

घर विकण्यात कमीपणा मुळीच नाही. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहाखेरीज 'चार मिनार' नावाची दुसरी इमारत बांधली होती. कर्ज फेडण्यासाठी व ग्रंथखरेदीसाठी १९४१ साली त्यांनी ती विकली. राजगृह मात्र राखले. कशासाठी विकावे आणि काय राखावे याचा विवेक करणे, हाच या व्यवहाराचा प्राण आहे. मुलीच्या शिक्षणासाठी विकणे वेगळे, आणि दलाल रोज दारात येतो म्हणून विकणे वेगळे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. वडील मृत्युपत्र न करता वारलेले. मागे आई, दोन विवाहित बहिणी आणि हे. गावठाणातील घर यांनी एकट्याच्या सहीने विकले. एक तृतीयांश रक्कम मिळाली, उरलेल्या रकमेचे पुढील तारखांचे दोन धनादेश मिळाले, आणि विक्रीखतात मात्र 'संपूर्ण रक्कम पावली' असे लिहिले गेले. ताबा त्याच दिवशी दिला. दोन्ही धनादेश न वटता परत आले. पुढे बहिणींनी वाटपाचा दावा लावला. घर हातचे गेले, पैसे अडकले, आणि सख्ख्या बहिणींसमोर प्रतिवादी म्हणून उभे राहण्याची पाळी आली. मला ते म्हणाले, "साहेब, कागद सरकारी कचेरीत झाला होता." दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, आपले पैसे मिळाले की नाही, वारस किती आहेत, याची हमी तो घेत नाही.

या एका हकीकतीत तीन धडे आहेत.

पहिला धडा पैशाचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक मोलाच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते. नोटरीपुढे केलेल्या कागदाने मालकी जात नाही. आणि मुखत्यारपत्र, करारनामा व मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून दिल्यानेही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. म्हणून झटपट व्यवहाराच्या नावाखाली कोणासही कुलमुखत्यारपत्र देऊ नका. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. विक्रीखत एकदा नोंदले गेले की केवळ किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्या कारणाने ते रद्द होत नाही. राहिलेल्या रकमेसाठी दावा लावणे एवढेच हाती उरते. हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निर्णयात सांगितले आहे. यास्तव पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्याखेरीज विक्रीखतावर सही नको, आणि ताबा तर नकोच. मुदत द्यावयाची असेल तर साठेखत करा, तेही नोंदवा, आणि किती रक्कम कोणत्या तारखेस, हे त्यात लिहा. वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे. 'थोडे पांढरे, थोडे काळे' असे म्हणणारा ग्राहक आपला हितचिंतक नव्हे.

दुसरा धडा बहिणींचा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते. धम्म स्वीकारल्याने वडिलांच्या मिळकतीवरील आपला वारसा बुडत नाही, आणि बहिणीचाही बुडत नाही. मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलगा, मुलगी, विधवा व आई यांचा समान वाटा आहे. राहत्या घराचे वाटप मुलींनी मागू नये, असे पूर्वी एक कलम होते. ते २००५ च्या दुरुस्तीने गेले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार झाली. घरात कोणी अज्ञान वारस असेल, तर त्याचा स्वतःचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकासही विकता येत नाही.

कोणी म्हणेल, बहिणीच्या लग्नात खर्च केला, आता तिचा वाटा कसला? मी त्यास विचारतो, तुमच्या शिक्षणावर खर्च झाला, म्हणून तुमचा वाटा गेला काय? हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या हक्कासाठी त्यांनी सत्ता सोडली, तो हक्क आपण राखीच्या दिवशी भावनेच्या भरात हक्कसोडपत्रावर सही घेऊन हिरावून घेणार काय? बहीण राजीखुशीने सोडील, तर तिचा तो अधिकार आहे. पण तिला आधी घराची खरी किंमत सांगा, आणि मग विचारा. बाहेरच्यांकडे समतेचा हक्क मागणारा माणूस घरात तो नाकारील, तर त्याच्या मागणीस धार राहत नाही.

तिसरा धडा कागदांचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका काढा, वारसनोंद करून घ्या. जुन्या दस्तात एक नाव, आधारपत्रावर दुसरे, असे आपल्या घरांत फार आढळते, कारण अनेकांनी नावे-आडनावे बदलली आहेत. राजपत्रातील प्रसिद्धी वा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. नाहीतर ऐन वेळी ग्राहक हीच अडचण पुढे करून भाव पाडतो. घर महार वतनाच्या जागेवर असेल तर अधिक जपा. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द होऊन ज्या जमिनी पुन्हा प्रदान झाल्या, त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीच्या अटीस बांधलेल्या आहेत. अट मोडून केलेला व्यवहार शेवटी आपल्याच अंगावर येतो. रमाई आवास योजनेचे घरकुल असेल, तर मंजुरीच्या अटी वाचल्यावाचून विक्रीची भाषाही करू नका.

आता शेवटचे. घर विकून आलेला पैसा पाण्यासारखा असतो. अडविला नाही तर वाहून जातो. दुसरे घर ठरल्याखेरीज राहते घर मोडू नका. मिळालेला नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात गुंतविल्यास आयकरात सूट मिळते. तिचा लाभ घ्या. आणि नवे घर घ्याल, त्या दस्तावर घरातील स्त्रीचेही नाव असू द्या.

दलाल म्हणेल, "उद्या भाव पडेल, आजच सही करा." त्यास सांगा, की आमच्या पूर्वजांनी न वाचता अंगठे पुष्कळ दिले, आम्ही वाचून, विचारून, मग सही करू.

जय भीम.